मत गेले, ओरड झाली नाही



निवडणूक आटोपली की तालुक्याच्या पुढाऱ्याचे एक भाषण ठरलेले असते. मतदान कमी झाले, शेतकऱ्याला मताची किंमत नाही, मतदानाच्या दिवशी तो लग्नाच्या पंगतीला जातो. आपण स्वतः बिनविरोध निवडून आलो, हे मात्र तो सांगत नाही.

शेतकरी मताला आळशी आहे हे आम्हाला मुळीच मान्य नाही. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींचे मतदान झाले, ते ऐंशी टक्क्यांच्या जवळ गेले. शहाण्यासुरत्यांच्या महापालिकांना एवढे मतदान स्वप्नातही दिसत नाही. नळाचे पाणी आणि शेतावर जाणारा रस्ता ज्या मतावर ठरतो, ते द्यायला म्हातारी माणसे मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसून येतात.

त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी या गावांत पदांचे लिलाव झाले. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली, पैसा देवळाला. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. लिलावाच्या ओट्यावर आमचा कांदा पडेल भावाने जातो आणि सरपंचाच्या खुर्चीला कोटीची बोली लागते, हा हिशेब ज्याने त्याने घरी करावा. बोली लागते ती मताला किंमत आहे म्हणूनच.

पण आमचे खरे दुखणे वेगळे आहे. ज्या संस्थेत आमच्या घामाचा भाव ठरतो, त्या बाजार समितीत आम्हाला मतच नाही. माल आमचा, हमाली-तोलाई आमच्या पट्टीतून कापली जाते, समितीचा सेस आमच्या मालावर गोळा होतो. मतदार कोण? विविध कार्यकारी सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य. व्यापाऱ्यांना त्यांचे मत आहे, हमाल-मापाड्यांना त्यांचे आहे, ते असावेच. ज्याच्या नावाने समिती काढली, तो तेवढा फाटकाबाहेर.

तालुक्यात शंभर सोसायट्या धरा, एकेकीचे तेरा संचालक धरा. झाले तेराशे मतदार. तेराशे माणसे चार-पाच दिवस सहलीला नेऊन, जेवूखाऊ घालून, मतदानाच्या सकाळी थेट केंद्रावर उतरवता येतात. तालुक्याचे वीस-पंचवीस हजार शेतकरी कोणत्या गाडीत बसवणार? लहान मतदारयादी ही पुढाऱ्याची कोंबडी आहे. ती तो सुखासुखी कशाला सोडील?

एकदा ती सुटली होती. २०१७ साली राज्य सरकारने कायदा बदलला. किमान दहा गुंठे जमीन आणि पाच वर्षांत तीनदा समितीत माल विकलेला असेल, त्या शेतकऱ्याला मत मिळाले. २०१८ मध्ये सोलापूर आणि बार्शीच्या निवडणुका तशा झाल्या. २०२० च्या सुरुवातीला सरकार बदलल्यावर हे मत काढून घेतले गेले. कारण दिले खर्चाचे. एवढ्या मतदारांची निवडणूक समित्यांना परवडत नाही म्हणे! संचालकांचे अभ्यासदौरे परवडतात. २०२२ मध्ये पुन्हा नवे सरकार, पुन्हा मत देण्याची घोषणा. आणि एप्रिल २०२३ च्या निवडणुकांत हाती काय आले? शेतकऱ्याने उमेदवार व्हावे, मत मात्र देऊ नये. म्हणजे नवरदेव बोहल्यावर आणि अक्षता वाटल्या परक्यांना.

आता आमच्याकडे बोट वळवतो. २०२० मध्ये मत गेले तेव्हा आम्ही काय केले? किती तहसील कचेऱ्यांवर मोर्चे गेले? आम्ही हरभऱ्याला पाणी देत होतो. दूध दोन रुपयांनी उतरले की रस्त्यावर येणारे आम्ही, मत गेले तर गावच्या पारावरसुद्धा चर्चा केली नाही. उदासीनता म्हणायचीच तर ती ही, आणि ती पुढाऱ्याच्या भाषणात येत नाही, कारण तिच्यावरच त्याचे चालते.

जिल्हा परिषदांचेही तेच. २०२२ मध्ये मुदती संपल्या, प्रशासक बसले. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे घटना सांगते. तरी तीन वर्षे उलटून गेली, आणि चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. तोवर आपला सदस्य कोण, हे विचारायलाही कोणी गेले नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या सोसायटीच्या संचालकांची यादी आणावी. शेवटची निवडणूक मतदानाने झाली की बिनविरोध, बाजार समितीच्या वेळी कोण कोण सहलीला गेले होते, तेही लिहून आणावे. शिवाय गेल्या पाच वर्षांतल्या आडतीच्या पट्ट्या आणाव्यात. उद्या मत परत मागायला गेलो आणि माल विकल्याचा पुरावा मागितला, तर तो आपल्याच पिशवीत असला पाहिजे.