प्रत्येक सांधेदुखी म्हणजे वात नव्हे

आमच्या बल्लारपूर भागात सांधा दुखला की त्याला ‘वात’ म्हणायचे आणि दुकानातून दोन गोळ्या आणायच्या, अशी पद्धतच पडून गेली आहे. गोळीने दुखणे दबते, कारण मात्र तसेच राहते. निदान झाल्याशिवाय महिनोन्‌महिने गोळ्या घेणे आपल्या जिल्ह्यात तरी फार महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले कारण सिकलसेल. चंद्रपूर-गडचिरोलीत हा आनुवंशिक रक्तदोष आदिवासींत आणि इतरही समाजांत आढळतो. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, सांधे, पाठ असह्य दुखते. तान्ह्या बाळाचे पंजे सुजतात. मुलाचे हातपाय वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. २०२३ साली केंद्र सरकारने यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया घेतल्यास वेदनेचे झटके कमी होतात. आपल्या कडक उन्हाळ्यात अशा रुग्णाने भरपूर पाणी प्यावे. शरीरातले पाणी कमी झाले की दुखणे उसळते.

दुसरे कारण पाणी. जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. एका लिटरमध्ये १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की हाडे-सांधे आखडतात, मान वळत नाही, पाठ वाकत नाही. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. हे पाणी उकळून शुद्ध होत नाही. तेव्हा हातपंपाच्या पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीकडे मागा. तो तुमचा हक्क आहे.

बोटांचे सांधे दोन्ही हातांना सारखेच सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासभर जात नसेल, तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधे वेगळी असतात व ती लवकर सुरू केली तरच बोटे वाकडी होण्याचे टळते.

आता राहिली वयाप्रमाणे होणारी गुडघेदुखी. रोवणीत दिवसभर वाकणाऱ्या बाया आणि ओझी उचलणारे कामगार यांना ती लवकर गाठते. वजन उतरवा, उकिडवे बसणे टाळा. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, दहा मोजेपर्यंत धरा, मग खाली घ्या. दोन्ही पायांनी असे दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ करा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

वाचकहो, एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. ‘तीन दिवसांत वात गायब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. आराम झटपट पडतो, पण पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर ती एकाएकी बंद करू नका, त्यानेही जीवाला धोका होतो. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. वेदनाशामक गोळ्याही फार दिवस घेतल्यास जठर व मूत्रपिंड बिघडवतात.

एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे रात्रीची वाट पाहू नका.

सांधेदुखीवर औषध आहे, परंतु आधी दुखण्याचे नाव कळले पाहिजे. ते विचारण्यात लाज कसली?