बालशाळेची फी : खर्च कीं भांडवल ?

पायाचे दगड घेतांना घासाघीस करावी आणि कळसाला मात्र सोन्याचा पत्रा मढवावा, असें करणाऱ्या गृहस्थास कोणी शहाणा म्हणणार नाहीं. परंतु मुलांच्या शिक्षणांत आमची सुखवस्तु मंडळी नेमका हाच व्यवहार करीत आहेत. मुलगा सतरा वर्षांचा झाला म्हणजे प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठीं बाप कर्ज काढावयास तयार होतो; तोच मुलगा तीन वर्षांचा असतां बालशाळेच्या फीचा आंकडा ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडते. ‘मातींत खेळावयास पैसे कशाला ?’ हा त्याचा प्रश्न. त्याचें उत्तर देणें अवश्य आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहूं. २००९ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क देतो. त्याखालील वयाच्या मुलांविषयीं घटनेच्या ४५ व्या कलमांत, २००२ च्या दुरुस्तीनंतर, सरकारनें प्रयत्न करावा एवढेंच म्हटलें आहे. आतां, प्रयत्नाच्या आश्वासनावर फिर्याद लावतां येत नाहीं हें सांगावयास वकील नको. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें तिसऱ्या वर्षापासूनचें वय हिशेबांत धरलें खरें. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. तात्पर्य, मनाची घडण ज्या वर्षांत होते त्याच वर्षांचा भार मुख्यतः समाजावर आहे.

हा भार स्वतंत्र संस्थांनीं पूर्वीं उचलला नाहीं काय ? १८८० सालीं चिपळूणकर-टिळकांनीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल काढलें तें सरकारी हुकुमाची वाट पाहून नव्हे. १९२० सालीं भावनगरास बालमंदिर उघडणारे गिजुभाई बधेका हे वकिली सोडून आलेले गृहस्थ. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस काम सुरू केलें. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून या बायांनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. तीस वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, सरकारनें बालविकासाची योजना काढली तेव्हां तिच्या केंद्रांस नांव मिळालें तें अंगणवाडीच ! स्वतंत्र शाळेची खरी किंमत ही. ती आधीं करून पाहते. सरकार मागाहून तिचा कित्ता गिरवितें.

व्यापारी वाचक विचारतील, नफा काय ? अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत इप्सिलांटी म्हणून गांव आहे. तेथें १९६२ पासून गरीब घरच्या १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकीं ५८ मुलांस तिसऱ्या-चवथ्या वर्षीं उत्तम बालशाळा दिली, ६५ मुलांस दिली नाहीं. दोन्ही गट चाळीस वर्षांचे झाले तेव्हां शाळेंत गेलेल्यांची कमाई अधिक व त्यांच्यांतील अटकेचे प्रसंग कमी आढळले. तेथें पांच-सहा मुलांमागें एक शिक्षिका होती आणि आठवड्यांतून एकदां ती प्रत्येक मुलाच्या घरीं जात असे. त्या शाळेचा खर्च पालकांच्या खिशांतून झालेला नव्हता, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. म्हणजे फळ फीच्या मोठेपणाचें नव्हे. शिक्षिकेच्या योग्यतेचें व तिच्या लक्षाचें आहे.

म्हणूनच ‘महाग तें चांगलें’ असें आम्ही म्हणत नाहीं. इंग्रजी पाटी, थंड हवेचीं दालनें आणि चार वर्षांच्या मुलाच्या अंगावर पदवीदानाचा झगा, यांसाठीं दिलेला रुपया पाण्यांत गेला असें समजावें. तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं पेन्सिल कोंबून परक्या भाषेंतील अक्षरें गिरवून घेणें हें शिक्षण नव्हे, छळ आहे. फी भरण्यापूर्वीं पालकानें चालकांस तीनच प्रश्न विचारावे : एका बाईंकडे मुलें किती ? त्या बाईंस वेतन किती ? मूल घरीं जी भाषा बोलतें तिला वर्गांत स्थान आहे कीं नाहीं ? ज्या दुकानाची वही पाहावयास मिळत नाहीं तेथें भांडवल गुंतविणारा व्यापारी आम्हीं पाहिलेला नाहीं. मग मुलाच्याच बाबतींत हा आंधळेपणा कां?

स्वतंत्र शाळा ही धनिकांची मिरास होईल, असा आक्षेप येईल. तो खोटा नाहीं. म्हणून त्याचा उपायही सांगतों. फी ऐपतीप्रमाणें घ्यावी, हिशेब दरसाल प्रसिद्ध करावा, आणि पेठेंतील प्रत्येक सधन कुटुंबानें आपल्या मुलाबरोबर आणखी एका मुलाची फी भरावी. हमालाचें मूल आणि शेटजींचें मूल एकाच चटईवर बसलें म्हणजे दोघांचाही लाभच आहे. लग्नांतील एका पंगतीचा खर्च वाचविला तर एवढें सहज साधेल. धर्मशाळा आणि पाणपोया बांधणाऱ्या व्यापारी वर्गास हा दानधर्म कठीण कां वाटावा ?

सरकारावरील मागणी सोडूं नये. सहा वर्षांखालील मुलांचा हक्क कायद्यांत आणविलाच पाहिजे. परंतु कायदा होईपर्यंत मुलें तीन वर्षांचीं राहत नाहींत.