आकाशातले लोखंड आणि त्याचे धनी

लोखंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भट्टी, भाता, ऐरण आणि घण मारणारा घामाघूम माणूस उभा राहतो. पण ज्या मुलखात झाडच उगवत नाही, तिथे भट्टी कशाने पेटवणार? आणि भट्टी नाही तर सुरी कशी घडवणार? वाचकहो, या वेळी आम्ही तुम्हांला ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर घेऊन जाणार आहोत. तिथल्या माणसांनी हा प्रश्न आपल्या अकलेने आणि मनगटाने सोडवला होता.

या लोकांना इनुघुइट म्हणतात. १८१८ साली जॉन रॉस हा ब्रिटिश नौदलाचा अधिकारी तिथे पोहोचला. त्यांच्या हातांत त्याला हाडाच्या मुठीच्या आणि लोखंडी पात्याच्या सुऱ्या दिसल्या. तो चकित झाला. बर्फात राहणाऱ्या या माणसांकडे लोखंड आले कोठून?

ते आले होते आकाशातून! हजारो वर्षांपूर्वी केप यॉर्कच्या परिसरात आकाशातून लोखंडाचे प्रचंड गोळे कोसळले. शास्त्रज्ञ त्यांना अशनी म्हणतात. या लोखंडात सुमारे ८ टक्के निकेल असते. तिथल्या लोकांनी त्यांतल्या तीन गोळ्यांना बाई, कुत्रा आणि तंबू अशी नावे दिली होती. लोखंड आयते मिळाले, पण हत्यार आयते मिळाले नाही. त्यासाठी त्यांनी दुसरीकडून कठीण काळे दगड वाहून आणले. त्या दगडांनी ठोकून ठोकून लोखंडाचे छोटे छोटे कपचे काढले. न तापवताच ते ठोकून चपटे केले, धार लावली आणि हाडाच्या किंवा सुळ्याच्या खाचेत बसवले. कातडे सोलायची आणि मांस कापायची बायकांची सुरी, शिकारीच्या भाल्याचे टोक अशा रोजच्या वस्तू अशा घडत. ‘बाई’भोवती या ठोकायच्या दगडांचा मोठा ढीग साचला आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांचा तो पुरावाच! या लोखंडाचे तुकडे अदलाबदलीत दूर कॅनडाच्या उत्तर भागापर्यंत पोहोचले होते. जुन्या वस्त्यांच्या उत्खननात ते सापडले आहेत.

मग रॉबर्ट पिअरी हा अमेरिकन संशोधक आला. १८९४ मध्ये तिथल्याच एका माणसाने त्याला ही जागा दाखवली. तरी ‘शोध’ मात्र पिअरीच्या नावावर लागला! १८९५ मध्ये त्याने बाई आणि कुत्रा जहाजात घातले. १८९७ मध्ये सुमारे ३१ टनांचा तंबूही नेला आणि त्याला आपल्या मुलीचे नाव दिले. पुढे न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी हे गोळे विकत घेतले गेले. पिअरींना त्यांचे ४० हजार डॉलर मिळाले. तोवर इनुघुइटांना बाहेरच्या जहाजांवरून तयार सुऱ्या मिळू लागल्या होत्या, हे खरे. पण म्हणून वाडवडिलांची ठेव कोणीही उचलून न्यावी काय?

एवढ्यावरच भागले नाही. १८९७ च्या त्याच जहाजातून सहा इनुघुइट माणसांनाही न्यूयॉर्कला नेले. काही महिन्यांतच त्यांतली चार माणसे आजाराने दगावली. मिनिक नावाच्या लहान मुलाचे वडील किसुक त्यांत होते. त्या पोराच्या समाधानासाठी दफनाचे सोंग केले गेले, आणि बापाची हाडे मात्र संग्रहालयात ठेवली. मोठेपणी मिनिकला हे कळले. त्याने बापाची हाडे मागितली, पण ती त्याला मिळाली नाहीत. १९१८ मध्ये तो वारला. चौघांचे अवशेष मायदेशी परतले ते १९९३ साली, आणि कानाक येथे त्यांचे दफन झाले.

लोखंड मात्र अजूनही न्यूयॉर्कमध्येच आहे. ते इतके जड आहे की त्याच्या आधाराचे खांब इमारतीखालच्या खडकापर्यंत नेले आहेत.

बंधू-भगिनींनो, मुलांना एखादे संग्रहालय दाखवायला न्याल, तेव्हा वस्तूखालची पाटी जरूर वाचू द्या. पण पाटी वाचून झाली की त्यांना विचारायलाही शिकवा : ही वस्तू वापरत होते कोण? आणि ती इथे आली कशी?