पावती माझ्या नावावर, किल्ली कंपनीच्या खिशात

दिवाळीत ताईकडे चिपळूणला गेलो होतो. माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा स्क्रूड्रायव्हर जास्त असतात हे आमच्या घरात आता कोणाला नवीन नाही. आई म्हणते, "याच्या हातात पाना दिसला की चालू वस्तू आधी लपवा." तिचं फार चुकत नाही. गेल्या वीस वर्षांत मी जेवढं दुरुस्त केलंय, त्याच्या अर्ध्याने तरी बिघडवलंय.

या वेळी बॅगेत एक लॅपटॉपही होता. मित्राच्या ऑफिसातून भंगारात निघालेला, बारा वर्षांचा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. ते नसलेली मशिन्स बऱ्याच ठिकाणी ढिगाने बाहेर काढली गेली. मित्र म्हणाला, "हवा असेल तर ने, नाहीतर किलोवर जाणार."

आणला. मागचे नऊ स्क्रू काढले की झाकण निघतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅमची एक पट्टी वाढवली, पंख्यातला गालिचा झालेला धुरळा काढला, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि लिनक्स मिंट टाकलं. सगळा खर्च तीन हजारांच्या आसपास. पूर्वी चालू व्हायला तीन-चार मिनिटं घेणारं मशीन आता अर्ध्या मिनिटात तयार असतं.

भाचा अकरावीला आहे, त्याला पायथॉन शिकायचंय. लॅपटॉप बघून पहिला प्रश्न आला, "मामा, यात माझा गेम चालेल?" म्हटलं, नाही. "मग उपयोग काय?" दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी गुणाकाराचा पाढा छापणारा प्रोग्रॅम करून दाखवायला आला. असो.

सांगायचंय ते लॅपटॉपबद्दल नाही. ताईच्या फोनबद्दल आहे.

ताई घरून कोकम आगळ, आंबोळीचं पीठ, फणसपोळी विकते. ऑर्डर व्हॉट्सॲपवर आणि पैसे यूपीआयवर. म्हणजे तिचं दुकान, गल्ला आणि खातेवही, तिन्ही त्या फोनात. गणपतीच्या आधी तो हातातून पडला आणि स्क्रीन फुटली. फोन दोन वर्षांचा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने स्क्रीनचा जो आकडा सांगितला, त्यात थोडी भर घातली तर नवा फोन येत होता. शिवाय आठ दिवस फोन तिथे ठेवायचा. ऐन सणात आठ दिवस दुकान बंद ठेवणं तिला परवडणारं नव्हतं.

मग ती स्टँडाजवळच्या दुरुस्तीवाल्या दादांकडे गेली. त्यांच्याकडे त्याच मॉडेलचा एक मेलेला फोन होता. त्याची अस्सल, कंपनीचीच स्क्रीन काढून त्यांनी तासाभरात बसवून दिली. स्क्रीन झकास आहे, पण बोटाचा ठसा काही केल्या चालेना.

मी तिथे गेल्यावर बघितलं. त्या फोनात ठसा वाचणारा सेन्सर स्क्रीनखाली असतो. स्क्रीन बदलली की तो एका सॉफ्टवेअरने पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. पाच मिनिटांचं काम, पण ते सॉफ्टवेअर फक्त कंपनीच्या अधिकृत सेंटरकडे. ताई तिथे गेली तर उत्तर मिळालं, "बाहेर उघडलेला फोन आम्ही घेत नाही."

म्हणजे फोन तिचा, स्क्रीन अस्सल, पैसे मोजलेले, दुरुस्ती नीट झालेली. तरी शेवटचं कुलूप कंपनीच्या हातात. आता दिवसातून पन्नास वेळा ती पीठ लागलेल्या हाताने पिन टाकते.

मी दादांना भेटायला गेलो. यांची ओळख २०२१ च्या पुरापासूनची. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा त्यांचं स्वतःचं दुकान बुडालं होतं. पाणी ओसरल्यावर त्यांनी आधी दुकानातला गाळ काढला आणि मग महिनाभर लोकांच्या चिखलाने भरलेल्या वस्तू घेत बसले. टीव्हीचे बोर्ड आधी साध्या पाण्याने धुवायचे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ब्रशने, आणि नीट सुकेपर्यंत वीज द्यायची नाही. ताईचा मिक्सर आणि टीव्ही त्यांच्याच हातून परत आला. मिक्सर आजही चालू आहे. त्या महिन्यात चिपळूणमध्ये किती घरांचा नव्या खरेदीचा खर्च अशा चार-पाच माणसांनी वाचवला असेल, याचा हिशोब कुठल्याच सरकारी पंचनाम्यात सापडणार नाही.

ते म्हणाले, "पूर्वी वस्तू उघडायला डोकं लागायचं. आता डोकं आहे, वस्तूपण उघडते, पण पुढे परवानगी लागते. पोरगा म्हणतो, बाबा, मी हे दुकान चालवणार नाही. त्याला काय सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे या विषयावर काहीच झालं नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. चांगली गोष्ट आहे, मी वापरून बघितलंय. पण पोर्टल ही माहितीची जागा आहे. सर्व्हिस सेंटर कुठे, वॉरंटी किती, हे कळतं. दादांना ते सॉफ्टवेअर द्या, असं ते कंपनीला सांगू शकत नाही. हक्क म्हणायचं आणि मागे कायदा नसायचा, तर त्याला सदिच्छा म्हणतात.

त्याआधीही एक मोठी गोष्ट घडली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. तक्रार काय, तर सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत. पुढे प्रकरण अपिलात आणि कोर्टात गेलं, ते सोडा. पण फोनच्या बाबतीत आज जे चाललंय, ते गाड्यांच्या बाबतीत चूक आहे असं आपल्याच देशातल्या आयोगाने अकरा वर्षांपूर्वी म्हटलंय.

युरोपात काय झालं बघा. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मॉडेल्ससाठी नियम आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट किमान पाच वर्षं आले पाहिजेत. फोनच्या लेबलवर दुरुस्तीची श्रेणी छापावी लागते. फ्रान्समध्ये तर जानेवारी २०२१ पासूनच काही वस्तूंवर दुरुस्तीला दहापैकी गुण द्यावे लागतात. यातल्या बऱ्याच कंपन्या इथेही फोन विकतात. तिथे जमतं तर इथे का नाही?

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, भाग फोनशी बांधले नाहीत तर चोरीच्या फोनांचे भाग बाजारात येतील. मुद्दा खरा आहे. मग चोरीची नोंद झालेल्या फोनचा भाग अडवा, बाकीच्यांना का अडवता? दुसरं म्हणतात, पाणी शिरू नये म्हणून फोन चिकटवावा लागतो. हाताच्या घड्याळात रबरी रिंग आणि स्क्रू वापरून ते कधीपासून जमतंय. तिसरं, बॅटरी धोकादायक असते. हे मात्र मी स्वतः भोगलंय. फुगलेली बॅटरी पातळ पात्याने उचकटताना एकदा धूर निघाला, ती तशीच उचलून गॅलरीतल्या वाळूच्या कुंडीत टाकली. भुवया वाचल्या एवढंच. पण ती उचकटावी का लागली? कारण ती चिकटवलेली होती. बॅटरी सहज निघाली असती आणि अस्सल बॅटरी दादांकडे मिळत असती, तर धोका कमीच झाला असता.

आणि कचऱ्याचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद नाही. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पण त्यांचा मुख्य भर वस्तू मेल्यानंतर तिचं काय करायचं यावर आहे. ती चार वर्षं जास्त जगावी, यासाठी तेवढा जोर कुठे दिसत नाही.

परत येताना कुंभार्ली घाटात एसटीच्या खिडकीशी बसून विचार करत होतो. याच एसटीने आपल्या कार्यशाळांमध्ये जुन्या चेसिसवर नवी बॉडी चढवून गाड्या पुन्हा रस्त्यावर आणल्यात. तिथे कोणी म्हणत नाही की पत्रा सडला, गाडी फेका. दुरुस्ती म्हणजे गरिबी आणि नवं म्हणजे प्रगती, हे आपल्या डोक्यात कधी शिरलं कोण जाणे.

माझ्या मागण्या तीनच आहेत.

एक, खोक्यावर किमतीशेजारी दोन तारखा छापा. सुरक्षा अपडेट कधीपर्यंत येणार आणि सुटे भाग कधीपर्यंत मिळणार. दुधाच्या पिशवीवर तारीख चालते, वीस हजारांच्या फोनवर का नाही?

दोन, अधिकृत सेंटरला मिळणारे भाग आणि जुळवणीचं सॉफ्टवेअर जाहीर दरात कुठल्याही दुरुस्तीवाल्याला मिळालं पाहिजे. फुकट नको. दादा पैसे मोजायला तयार आहेत.

तीन, आणि याला नवा कायदाही लागत नाही. सरकार शाळा आणि कार्यालयांसाठी संगणक, टॅब घेतं. त्या निविदेत एक अट घाला. बॅटरी, स्क्रीन आणि डिस्क साध्या स्क्रूड्रायव्हरने बदलता आली पाहिजे आणि भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत. एवढा मोठा गिऱ्हाईक अट घालतो म्हटल्यावर कंपन्या बरोबर ऐकतात.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. फोन घ्यायच्या आधी दुकानदाराला विचारा, बॅटरी बदलायला किती पडतील आणि ती कुठे मिळेल? त्याला सांगता आलं नाही, तर तेही उत्तरच आहे. जुना लॅपटॉप किलोवर देण्याआधी कोणाच्या तरी भाच्याला लागतोय का बघा.

ताईला मी म्हटलं, नवा फोन घेऊन देतो. ती म्हणाली, "नको. ह्याला काय झालंय? चालतोय की."

चालतोय. पण पिन टाकून. तुमच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याचं काय चाललंय तेही कळवा. आणि मुद्दा पटला नसेल तर आधी कळवा.