टी. सी. मिळाली, निरोप राहिला



मार्च आणि जून हे कतारमधले आपले टी. सी.चे महिने. भारतीय शाळांचं वर्ष मार्चमध्ये संपतं, जूनच्या सुमारास उन्हाळ्याची सुट्टी लागते, आणि ज्यांचं काँट्रॅक्ट संपलं ते याच वेळी सामान बांधतात. इथला रहिवास नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की बिऱ्हाड हललंच. २०२० मध्ये कोविडमुळे आणि पुढे २०२२ च्या वर्ल्ड कपची कामं आटोपल्यावर किती ओळखीची घरं रिकामी झाली, ते आपण पाहिलं. मोठ्यांना सेंड-ऑफ मिळतो, भाषणं होतात, बटाटेवडे होतात. पण जाणाऱ्याच्या दुसरीतल्या मुलाशेजारी जो बसतो त्याचं काय? त्याच्या दृष्टीने हजेरीतलं एक नाव गळतं, बस्स!

ओळखीच्या एका घरातल्या तिसरीतल्या मुलाला दर रविवारी सकाळी पोटात दुखायचं. (आपला आठवडा रविवारी सुरू होतो, हे भारतातल्या नातेवाइकांना अजून पटत नाही.) तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. शुक्रवारी स्वारी ठणठणीत! शेवटी व्हिजिट व्हिसावर आलेल्या आजींनी वरणभात भरवता भरवता काढून घेतलं. दीड वर्षात त्याचे दोन जिवलग मित्र गेले होते. "आता नवीन मित्र कशाला करू, आजी? तो पण जाणारच ना!"

आठ वर्षांच्या पोराचं गणित, आणि ते चूक आहे असंही म्हणता येत नाही. "मुलं लवकर विसरतात" असं आपण म्हणतो. मला वाटतं, ती विसरत नाहीत, बोलायची थांबतात.

डेव्हिड पोलॉक यांनी १९९९ मध्ये रूथ व्हॅन रेकन यांच्याबरोबर अशा परदेशी वाढणाऱ्या मुलांवर पुस्तक लिहिलं. गाव सोडण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात असं पोलॉक सांगत: भांडणं मिटवा, ज्यांनी जीव लावला त्यांना तसं सांगा, माणसांचा आणि जागांचाही निरोप घ्या, आणि पुढच्या गावाचा विचार सुरू करा. आम्ही इंजिनियर मंडळी प्रोजेक्ट सोडताना स्नॅग-लिस्ट करतो, त्यातलाच प्रकार. साइटवर ती केल्याशिवाय कोणी सोडत नाही, हा भाग वेगळा.

बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी मुलं महाराष्ट्रातही आहेत. बीडकडच्या ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या आसपास शाळा सोडून फडावर जातात. त्यांना नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून सरकारने शिक्षण हमी कार्ड काढलं. अभ्यास कुठवर झाला ते कार्डावरून कळतं, पण त्याच्या शेजारी कोण बसायचं, ते नाही. तेवढं आपल्या टी. सी.वरही नसतं.

आता आपल्याबद्दल थोडं कडू बोलतो. ऑफिसात बातमी फुटू नये म्हणून अनेक घरांत मुलांना शेवटच्या आठवड्यापर्यंत सांगत नाहीत. अडचण खरी आहे. नोटीस, ग्रॅच्युइटी, सगळंच अडकलेलं असतं. पण मग मुलाला मित्राला सांगायला चार दिवससुद्धा मिळत नाहीत. राजीनामा दिल्यावर तरी त्याच दिवशी घरात सांगा, आणि दुसऱ्या दिवशी क्लास टीचरला.

टीचरने काय करावं? त्या तिसरीतल्या मुलाच्या टीचरनी, आईने जाऊन सांगितल्यावर, साधी गोष्ट केली. पुढचं मूल जायचं ठरलं तेव्हा शेवटचा अर्धा तास वर्गाने त्याच्यासाठी चित्रं काढली, आणि आईवडिलांना विचारून नवा पत्ता फळ्यावर लिहिला. रिकाम्या जागी दुसऱ्या दिवशी लगेच कोणाला बसवलं नाही. रडणाऱ्यांना रडू दिलं. पोटदुखी पूर्ण थांबली नाही, पण आता तो कधी कधी "आज त्याची आठवण येते" असं सरळ सांगतो.

या जूनमध्ये जाणाऱ्या घरांनी टी. सी.चा अर्ज देताना टीचरकडे हा अर्धा तास मागून घ्यावा. आणि जे राहणार आहेत त्यांनीही मागावा.