वैद्यास पुढारीपण कोण शिकविणार?

इंग्रजी अमलात सरकारी इस्पितळांतील मोठ्या जागा बहुतकरून इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती असत. हिंदी डॉक्टराने नाडी पाहावी, मलमपट्टी करावी, फार तर शस्त्र चालवावे. परंतु इस्पितळ चालविणे हा त्याचा प्रांत नव्हे, असा त्या व्यवस्थेचा न बोललेला सिद्धांत होता. या सिद्धांताचे सप्रमाण खंडन केले ते मुंबईस परळ येथे १९२६ साली उघडलेल्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाने व त्यास जोडलेल्या के. ई. एम. इस्पितळाने. शेठजींच्या मिळकतीच्या विश्वस्तांनी देणगी देताना अशी अट घातली की, या संस्थेतील अध्यापक व डॉक्टर हिंदीच असले पाहिजेत. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता झाले, आणि हिंदी माणूस रोग्याप्रमाणे संस्थेचीही प्रकृती सांभाळू शकतो हे सर्वांच्या नजरेस आले. याच महाविद्यालयाचे विद्यार्थी, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९३८ साली पाच हिंदी डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, आणि १९४१ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, ऐन युद्धात तेथील बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले.

हा इतिहास आम्ही केवळ अभिमानासाठी उगाळीत नाही. तेव्हा झगडा जागांसाठी होता, व तो आपण जिंकला. जागा आपल्या झाल्या. परंतु त्या जागांस लागणारी विद्या मात्र आपण आपल्या डॉक्टरांस नीट शिकविली नाही. मेहता आणि कोटणीस यांच्यासारखी माणसे निपजली हे देशाचे भाग्य होय. पण भाग्यावर भिस्त ठेवून कोणी राज्य चालवीत नाही, आणि इस्पितळही चालवू नये.

वस्तुस्थिती काय आहे ती पाहा. साडेचार वर्षे अभ्यास व एक वर्ष उमेदवारी करून बाहेर पडलेला तरुण डॉक्टर खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रावर नेमला जातो. सरकारी प्रमाणाप्रमाणे असे एक केंद्र सपाट मुलखात ३०,००० व डोंगरी अथवा आदिवासी मुलखात २०,००० वस्तीसाठी असते. त्या दिवसापासून परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, गावोगावच्या आशा ताई, लसींची थंड पेटी, औषधांचा साठा, रुग्णवाहिका व सरपंचांच्या तक्रारी या सर्वांचा तो धनी होतो. त्यास मज्जातंतूंची नावे तोंडपाठ असतात. पण दोन भांडणाऱ्या सहकाऱ्यांस एकत्र कसे बसवावे, संपत आलेला साठा वेळीच कसा ओळखावा, वरिष्ठास नकार कसा कळवावा, यांपैकी एकही गोष्ट त्यास कोणी शिकविलेली नसते. पुढे पंचवीस वर्षांनी हाच गृहस्थ बहुधा सेवाज्येष्ठतेच्या बळावर शेकडो खाटांच्या इस्पितळाचा प्रमुख होतो. सेवाज्येष्ठता म्हणजे लायकी नव्हे. ती केवळ कालगणना होय.

आमचे व्यापारी वाचक ही रीत आपल्या पेढीवर एक दिवस तरी चालू देतील काय? नव्या पोऱ्यास कोणी तिजोरीच्या किल्ल्या देत नाही. तो आधी माल मोजतो, मग रोजकीर्द लिहितो, मग वसुलीस जातो, आणि मग कोठे त्याच्या हाती दुकान सोपविले जाते. आम्हां वकिलांतही सनद मिळाल्याने कोणी वकील होत नाही. ज्येष्ठाच्या कचेरीत दावे-कैफियती लिहिता लिहिता तो घडतो. जेथे पैशाचा प्रश्न आहे तेथे आपण इतके सावध, आणि जेथे प्राणांचा प्रश्न आहे तेथे इतके निष्काळजी, ही विसंगती आमच्या बुद्धीस उलगडत नाही.

प्राणांचा प्रश्न हे शब्द आम्ही अलंकारासाठी योजिलेले नाहीत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षास आग लागून १० बालके दगावली. अपराध कोणाचा हा निवाडा आम्ही येथे करीत नाही. परंतु विजेच्या तारा कोणी तपासावयाच्या, धोक्याची सूचना कोणी कोणास द्यावयाची व ती ऐकली न गेल्यास पुढे काय करावयाचे, हे प्रश्न कोणत्याही इस्पितळात औषधोपचाराइतकेच महत्त्वाचे आहेत, हे त्या रात्रीने दाखविले. याच्या उलट उदाहरण नंदुरबारचे. तेथील तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड हे परळच्याच महाविद्यालयाचे वैद्यकीय पदवीधर. करोनाच्या पहिल्या लाटेत, २०२० च्या सप्टेंबरात, त्यांनी जिल्ह्यात हवेतून प्राणवायू तयार करण्याचा पहिला प्रकल्प उभारला. रोगी घटले तरी काम न थांबविता २०२१ च्या आरंभी आणखी प्रकल्प बसविले. एप्रिलात दुसऱ्या लाटेने मोठमोठ्या शहरांस प्राणवायूसाठी धावाधाव करावी लागली, तेव्हा हा दुर्गम जिल्हा पुष्कळसा निर्धास्त होता. रोगाची चाल ओळखणारी वैद्यकी आणि तिला हुकूम देण्याचे सामर्थ्य एका ठायी आले म्हणजे काय होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, डॉक्टराने रोगी पाहावेत. कारभार कारकुनांनी करावा. हा आक्षेप नवा आहे, जुना नव्हे. चरकाचार्यांनी वैद्य, औषध, परिचारक व रोगी असे चिकित्सेचे चार पाद मानले, आणि त्यांत वैद्यास प्रधानपद दिले. ते का? तर तो जाणणारा आहे, आज्ञा देणारा आहे व योजना करणारा आहे म्हणून. भांडे, सरपण व विस्तव ही आचाऱ्याची साधने, तशी ही इतर तीन वैद्याची, असा दृष्टांतही त्यांनी दिला आहे. कारभार कारकुनाने जरूर लिहावा. पण कोठे खर्च केला असता प्राण वाचतील व कोठे काटकसर केली असता जातील, हे रोग्याच्या उशाशी उभे राहिलेल्या माणसासच कळते.

दुसरा आक्षेप असा की, पुढारी जन्मास यावे लागतात; ते शाळेत घडत नाहीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात जे केले ते जगास ठाऊक आहे. उपजत गुण म्हणावेत तर त्यांच्या अंगी भरपूर होते. तरीही त्यांनी स्वतःसारख्या बायका जन्मण्याची वाट पाहिली नाही; १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा काढली, आणि तेथे शिकलेल्या बायका पुढे अन्य इस्पितळांच्या मुख्य झाल्या. ताजा पुरावा हवा असल्यास तोही आहे. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर मोठ्याने वाचावयाची एक साधी यादी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केली. रोगी तोच ना, जागा तीच ना, जंतुनाशक औषध दिले ना, असे प्रश्न तीत असतात. सर्वांनी आपले नाव व काम सांगावयाचे असते. आठ शहरांतील आठ इस्पितळांत तिचा प्रयोग झाला. त्यांत एक दिल्लीचे होते. २००९ साली निष्कर्ष छापले गेले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर, आणि गुंतागुंती शेकडा ११ वरून ७ वर आल्या. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ एकत्र काम करण्याची शिस्त बदलली. जी गोष्ट यादी करून शिकविता येते ती दैवाची देणगी कशी म्हणावी?

मात्र पुढारीपण म्हणजे दरारा अशी कोणी समजूत करून घेऊ नये. ज्या कक्षात मुख्य डॉक्टर आले की सर्वांच्या जिभा टाळूस चिकटतात, तेथे परिचारिकेस चूक दिसली तरी ती बोलत नाही, आणि त्या मौनाची किंमत रोगी भरतो. खरे पुढारीपण अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे पाहावयास सापडते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे काम आरंभिले आणि अक्षरओळखही नसलेल्या, पुष्कळशा दलित, अशा बायांस आरोग्यविद्या शिकवून गावचे आरोग्य त्यांच्याच हाती दिले. ज्याच्या हाताखालची माणसे मोठी होतात तो पुढारी. ज्याच्या सावलीत ती खुजी राहतात तो केवळ अंमलदार.

आमची मागणी सरकारने अगदीच ऐकली नाही असे नव्हे. २०१९ साली मेडिकल कौन्सिलने लागू केलेल्या अभ्यासक्रमात पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या असून, रोगनिवारक ही पहिली व आरोग्यपथकाचा नेता आणि घटक ही दुसरी आहे. परंतु पहिलीची परीक्षा कसून होते, तशी दुसरीची होते असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय? कायदा पुस्तकात असणे निराळे आणि त्याची बजावणी होणे निराळे, हे आम्ही न्यायालयात रोज पाहतो. यास्तव आमचे म्हणणे स्पष्ट आहे. उमेदवारीच्या वर्षात प्रत्येकास एखाद्या कक्षाचा साठा, पाळीबदल अथवा स्वच्छता यांची खरी जबाबदारी द्यावी व तिचा जाब घ्यावा. हिशेब, खरेदी, कायदा, अग्निसुरक्षा व माणसे सांभाळणे यांचे काही महिन्यांचे शिक्षण झाल्यावाचून कोणासही इस्पितळाचा प्रमुख नेमू नये. त्यास जबाबदारीच्या प्रमाणात खर्चाचा अधिकार द्यावा. हात बांधून पोहण्यास सांगणे हा न्याय नव्हे. मृत्यूंची चर्चा दरमहा व्हावी, आणि तीत परिचारिकेस डॉक्टराइतकेच बोलता यावे.

आता आमच्या वाचकांस दोन शब्द. सरकारी इस्पितळांत रुग्ण कल्याण समित्या आहेत, धर्मादाय इस्पितळांत विश्वस्त आहेत, आणि दोन्हीकडे आपल्यापैकी प्रतिष्ठित गृहस्थ बसतात. इमारतीवर वडिलांचे नाव कोरण्यासाठी देणगी देणारे या शहरात पुष्कळ आहेत. पुढील बैठकीत त्यांनी एवढेच विचारावे: आपल्या इस्पितळाच्या प्रमुखास हे काम कोणी शिकविले? उत्तर समाधानकारक न मिळाल्यास देणगीचा एक वाटा त्या शिक्षणासाठी राखून ठेवावा. तेव्हा काही विश्वस्तांनी एक अट घातली, आणि हिंदी डॉक्टरास अधिकाराची जागा मिळाली. तो त्या जागेस लायक होईल अशी तजवीज करण्याची दुसरी अट घालणे आजच्या विश्वस्तांच्या हाती आहे. ती त्यांनी घालावी.