पिवळें पान आणि पिवळा दिवा

उंसाचें पान पिवळें पडलें म्हणजे पिकास काय झालें आहे, हें शहाणा शेतकरी एका नजरेंत ठरवीत नाहीं. खालचीं जुनीं पानें आधीं पिवळीं पडलीं असतील तर नत्राची उणीव. वरचीं कोंवळीं पानें फिकट होऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील तर चुनखडीच्या जमिनींत लोहाची उणीव. सबंध वाफाच निस्तेज झाला असेल तर मुळाशीं पाणी साचलें असावें, असें तो एकेक पारखून पाहतो. पिवळें पान दिसतांच युरियाची गोणी फोडणारास आपण अडाणी म्हणतों. परंतु हाच शहाणा शेतकरी आपल्या मोटारींत इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणजे मात्र आपली विचारशक्ति गहाण टाकतो, आणि "काय बदलायचें तें बदला" असें म्हणून किल्ली मिस्त्र्याच्या हातीं देतो. ह्या एका वाक्यापायीं आपला पुष्कळ पैसा व्यर्थ जातो, असें आमचें मत आहे. व तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

बागायती गांवांतून मोटार ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. आजारी माणसास तालुक्याच्या इस्पितळांत नेणें, बाजार समितींत जाऊन भाव पाहणें, फवारणीचीं औषधें आणणें, मुलांस परीक्षेस पोंचविणें, हीं सर्व कामें तिच्यावर पडतात. परंतु शेतकऱ्याच्या घरची मोटार बहुधा नवी नसते. दहा-बारा वर्षांची, जुनी म्हणूनच विकत घेतलेली व धुळीच्या रस्त्यानें फिरणारी अशी ती असते. आणि अशा मोटारीच्या फलकावर एखादा दिवा केव्हां ना केव्हां लागणारच. म्हणून ह्या दिव्यांची भाषा समजणें हें बैलाचे दांत पाहतां येण्याइतकेंच आवश्यक झालें आहे.

प्रथम तांबडा आणि पिवळा हा भेद ध्यानांत ठेवावा. तांबडा दिवा हा हुकूम आहे. पिवळा ही सूचना आहे. ऑइलच्या चंबूचें चित्र असलेला तांबडा दिवा गाडी चालतांना लागला तर इंजिनांतील ऑइलचा दाब गेला असें समजावें, आणि गांव अर्ध्या कोसावर असलें तरी तेथेंच थांबून इंजिन बंद करावें. दाबाशिवाय चाललेलें इंजिन थोडक्याच वेळांत आपलीं बेअरिंगें खाऊन टाकतें, आणि मग एक-दोन लिटर ऑइलाच्या जागीं सबंध इंजिन उतरविण्याचा खर्च येतो. सपाट जागीं कांहीं मिनिटें थांबून पट्टीनें ऑइल पाहावें. पातळी बरोबर असूनहि दिवा विझत नसेल तर गाडी ओढून न्यावी. उष्णतेचा तांबडा दिवा लागल्यास थांबावें, परंतु रेडिएटरचें झांकण तापलेलें असतांना कदापि उघडूं नये. उकळतें पाणी तोंडावर उडतें. ब्रेकचा तांबडा दिवा लागला तर हातब्रेक ओढलेला राहिला नाहीं ना, हें आधीं पाहावें व नंतर ब्रेक-ऑइलची डबी पाहावी. बॅटरीचा दिवा म्हणजे अल्टरनेटर वीज भरीत नाहीं. अशी गाडी कांहीं अंतर चालते. परंतु कित्येक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपहि फिरवितो, म्हणून पट्टा जागेवर आहे किंवा नाहीं हें पाहिल्याशिवाय पुढें जाऊं नये.

इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा मात्र निराळ्या कुळांतला आहे. त्याचा जन्म मुख्यतः इंजिनाच्या रक्षणासाठीं नव्हे, तर हवेच्या शुद्धतेसाठीं झाला. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें हवेंतील धुरक्यावर उपाय म्हणून, मोटारीनें आपल्या धुराची तपासणी आपणच करीत राहावी असे नियम केले. आणि १९९६ सालापासून त्या देशांतील नव्या मोटारींस ही यंत्रणा एकाच ठराविक नमुन्याची असणें सक्तीचें झालें. आपल्या देशांत भारत स्टेज ४ च्या मोटारींस तिची पहिली पायरी २०१० मध्यें व दुसरी, अधिक पूर्ण पायरी २०१३ मध्यें लागू झाली. धुरांत बिघाड झाला कीं हा दिवा लागतो. इंजिन उत्तम ओढीत असतांनाहि लागतो. तो स्थिर असेल, गाडीच्या चालींत फरक नसेल व तांबडा दिवा सोबत नसेल, तर बेताच्या वेगानें घर गांठण्यास हरकत नाहीं. परंतु तो लुकलुकूं लागला तर एखाद्या सिलिंडरांतील पेट्रोल न जळतां बाहेर पडत आहे असें समजावें. तें धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जाऊन पेटतें, आणि प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम ह्यांसारख्या मोलाच्या धातूंमुळें महाग असलेला तो भाग जाळून टाकतें. अशा वेळीं वेग उतरवून लौकरांत लौकर थांबावें.

दिवा लागतांच मोटारीचें गणकयंत्र त्याची एक खूण आपल्या स्मरणांत लिहून ठेवतें. चालकाच्या पुढ्यांत, फलकाच्या खालच्या अंगास, सोळा घरांची एक खोबण असते. तींत स्कॅनर जोडला म्हणजे ती खूण, अर्थात् कोड, वाचतां येतो. 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरांतील ज्वलन चुकतें. 'पी ०१७१' म्हणजे मिश्रणांत हवा अधिक व पेट्रोल कमी. 'पी ०४२०' म्हणजे कन्व्हर्टरचें काम अपुरें पडतें. येथेंच सर्व घोटाळा होतो. कोड हा लक्षण सांगतो, कारण सांगत नाहीं. पहिला सिलिंडर चुकण्यास प्लग, कॉइल, इंजेक्टर, तुटकी वायर किंवा गळकी झडप ह्यांपैकीं कोणतेंहि कारण असूं शकतें. पान पिवळें आहे एवढेंच कोड सांगतो. नत्र कमी कीं लोह, हें पारखणाऱ्यानें पारखावयाचें असतें.

ह्या बाबतींत प्रस्तुत लेखकास आलेला अनुभव सांगण्यासारखा आहे. नीरा डाव्या कालव्याच्या कांठीं आमची शेती आहे. गेल्या सुगींत आमच्या २०१४ सालच्या पेट्रोल मोटारीचा पिवळा दिवा लागला, व गाडी उभी असतांना इंजिन थरथरूं लागलें. गॅरेजांत कोड वाचला, तो 'पी ०१७१' निघाला. पांच मिनिटांत 'ऑक्सिजन सेन्सर गेला' असा निकाल झाला. सेन्सरचे ४,२०० व मजुरीचे ६०० मिळून ४,८०० रुपये दिले. कोड पुसून गाडी परत मिळाली. चौथ्या दिवशीं दिवा पुन्हां लागला. ह्या वेळीं पेट्रोलचा पंप गुन्हेगार ठरला, व त्याचे ७,००० रुपये सांगण्यांत आले. आम्ही त्यासहि होकार दिला. परंतु सुदैवानें पंप त्या दिवशीं दुकानांत मिळाला नाहीं. सायंकाळीं आमच्या पुतण्यानें, ज्याचा कान ठिबकच्या नळ्यांची गळती शोधण्यांत तयार झालेला आहे, इंजिन चालू ठेवून कानोसा घेतला. कोठून तरी बारीक फुसफुस ऐकूं येत होती. हात घालून पाहतां इंजिनांत हवा नेणाऱ्या पाइपास जोडलेली बोटाएवढी रबरी नळी खालच्या अंगानें कुरतडलेली आढळली. मोटार ज्वारीच्या पोत्यांशेजारीं उभी असते, तेव्हां हें काम कोणाचें हें सांगावयास नको. मापून घेतलेल्या हवेखेरीज ही चोरटी हवा आंत शिरत होती, आणि सेन्सर बिचारा तिचीच खरी साक्ष देत होता. आम्ही साक्षीदारास फांशीं दिलें, व चोर मोकळा राहिला. नळी व दोन क्लिपा मिळून १८० रुपये लागले. तेव्हांपासून दिवा लागलेला नाहीं.

ही हकीकत ऐकून मिस्त्र्यास दोष देणें सोपें आहे. परंतु विचार केल्यावर आम्हांस निम्मा दोष आमचाच दिसला. बिघाड शोधण्यास दोन तास लागतात, डोकें लागतें, अनुभव लागतो. त्या दोन तासांचे पांचशें रुपये मागितले तर आपण म्हणतों, "केलेंस काय? नुसतें पाहिलेंस!" मात्र पांच हजारांचा भाग बसविला तर तो डोळ्यांस दिसतो, म्हणून आपण निमूटपणें पैसे मोजतों. निदानास मोल न देणाऱ्या गिऱ्हाइकास निदान मिळत नाहीं. त्यास भागच मिळतात. डॉक्टरास नाडी पाहण्याचे पैसे नाकारून औषधाच्या बाटल्यांचेच पैसे दिले, तर तो बाटल्याच देणार! ज्या दिवशीं आपण "आधीं शोध, शोधण्याचे पैसे वेगळे देतों" असें म्हणूं लागूं, त्या दिवशीं तालुक्यांतील चांगल्या कारागिरास चांगलें काम करणें परवडूं लागेल.

ह्यासाठीं प्रत्येक मोटारधारकानें चार नियम पाळावे. पहिला, कोड पुसण्यापूर्वीं तो कागदावर उतरून घ्यावा. त्यासोबत दिवा लागला त्या क्षणींचा वेग व इंजिनाची उष्णता ह्यांची नोंदहि यंत्रांत बहुधा मिळते, तीहि घ्यावी. दुसरा, तपास स्वस्तापासून महागाकडे न्यावा: बॅटरी, जमिनीची वायर, हवेची जाळी, रबरी नळ्या, उंदरांच्या खुणा, आणि मग सेन्सर व पंप. चांगली भरलेली बॅटरी इंजिन बंद असतांना सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, व इंजिन चालू असतांना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ च्या दरम्यान. दाब ह्याहून खालीं राहिला तर निर्दोष यंत्रेंहि खोटे कोड देऊं लागतात. तिसरा, भाग बदलण्यापूर्वीं "हा भाग वाईट आहे हें कोणत्या परीक्षेनें ठरविलें?" असें विचारावें. चौथा, काढलेला जुना भाग मागून घ्यावा.

आतां खर्चाच्या हिशेबाकडे वळूं. मोटारीची स्वतंत्र वही ठेवून तींत तीन रकाने पाडावे. पहिल्यांत ऑइल, जाळ्या, टायर, बॅटरी हा नव्या-जुन्या सर्वच मोटारींस लागणारा चारापाणी लिहावा. दुसऱ्यांत क्लच, रबरी बुश, नळ्या, रेडिएटर हा म्हातारपणाचा खर्च. तिसऱ्यांत चुकलेल्या निदानाचा खर्च. गाडी विकावी कीं ठेवावी, हें केवळ दुसऱ्या रकान्यावरून ठरवावयाचें असतें. परंतु वही नसल्यामुळें आपण तिन्ही रकान्यांची बेरीज मनांत धरतों, "ही गाडी आतां खाऊं लागली" म्हणतों, आणि कर्ज काढून नवी आणतों. सहा लाखांचें कर्ज साडेनऊ टक्के व्याजानें पांच वर्षांत फेडावयाचें धरल्यास महिन्यास सुमारें १२,६०० रुपये, म्हणजे वर्षास दीड लाखांहून अधिक हप्ता बसतो. तो दर महिन्यास द्यावा लागतो. उंसाचें बिल मात्र दर महिन्यास येत नाहीं. म्हाताऱ्या मोटारीवर वर्षाकांठीं तीस-चाळीस हजार खर्च होत असले, तरी तो सौदा ह्यापुढें स्वस्तच ठरतो. बैलास जळू लागली म्हणून कोणी बैल बाजारांत नेत नाहीं.

ह्याचा अर्थ जुनी मोटार मरेपर्यंत ओढावी असा नव्हे. सांगाडा गंजून पोखरला असेल, इंजिन ऑइल पिऊं लागून सिलिंडरांतील दाबच उतरला असेल, किंवा म्हातारपणाच्या रकान्याची दोन वर्षांची बेरीज गाडीच्या विक्रीच्या किंमतीवर जात असेल, तर मोह सोडावा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढें दर ५ वर्षांनीं तपासणी करून ती वाढवावी लागते, हेंहि हिशेबांत धरावें. आणि ब्रेक व एअरबॅग ह्यांच्या दिव्यांच्या बाबतींत काटकसर मुळींच करूं नये. तेथें प्रश्न पैशांचा नसून घरच्या माणसांचा आहे.

शेवटीं संघाच्या सभासदांपुढें एक सूचना ठेवतों. आपण सामाईक फवारणी-पंप ठेवतों, माती-परीक्षणासाठीं नमुने एकत्र पाठवितों. त्याच न्यायानें संघानें एक स्कॅनर विकत घ्यावा. साधा स्कॅनर कांहीं हजार रुपयांत मिळतो. संघाच्या क्षेत्रांतील एखाद्या होतकरू तरुणास तो वापरावयास शिकवावें, व दर तपासणीस ठराविक मोबदला द्यावा; फुकट मात्र तपासूं नये, कारण फुकटच्या निदानास कोणी मान देत नाहीं. जुनी मोटार विकत घेणाऱ्या सभासदासहि त्याचा मोठा उपयोग होईल. किल्ली फिरवितांच पिवळा दिवा क्षणभर लागला पाहिजे व इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळींच लागत नसेल तर विकणाऱ्यानें तो निकामी केला असण्याचा संशय घ्यावा. आणि यंत्राच्या अंतर्गत तपासण्या 'अपूर्ण' दिसत असतील, तर कोड नुकताच पुसला गेला असण्याचा संभव असतो. अशी पारख दारांत असली तर फसगतीचे निम्मे सौदे तेथेंच थांबतील.

मातीची परीक्षा केल्याशिवाय खत टाकूं नये, हें आपणांस पटावयास एक पिढी लागली. मोटारीच्या बाबतींत तेवढा काळ लावण्याचें कारण नाहीं. दिवा लागणें हें दुर्दैव नव्हे; तो न वाचतां पैसे मोजणें हें मात्र खचित दुर्दैव आहे.